साकवाच्या अलीकडं

बेळगावच्या नर्सिंगच्या शाळेचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि केशर अजून साकव ओलांडायला तयार नव्हती.

वाडी अकरा घरांची. तीन बाजूंनी डोंगर आणि रान, चौथ्या बाजूला ओढा. दरसाल मे महिन्यात गडी माणसं त्या ओढ्यावर चार ओंडके टाकायची, बांबूचा कठडा बांधायची, तोच साकव. दुकान, दवाखाना, रामनगरची बस, सगळं त्याच्या पलीकडं. पावसाळ्यात बाहेर पडायला दुसरी वाट नाही. साकव ओलांडायचा नाही असं कुणी ठरवलं तर त्यानं चार महिने दावणीच्या गुरासारखं एका जागी बसायचं, एवढाच त्याचा अर्थ.

पत्रात लिहिलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाही आलात तर जागा दुसऱ्याला जाईल. आज गुरुवार होता.

केशरची आज्जी रुक्मा हिच्या डोक्यात तो सोमवार घणासारखा पडत होता. ह्या वाडीतून दहावी पास झालेली केशर ही पहिली पोरगी. निकाल लागला तेव्हा रुक्मानं अकराही घरी स्वतः जाऊन सांगितलं होतं, नंदिगड्ड्याच्या बाजारातही सांगितलं होतं, आणि ज्या बायांनी पूर्वी पोरीच्या शाळेवरून नाकं मुरडली होती त्यांना दोनदा सांगितलं होतं. आता त्याच बाया येता-जाता विचारत होत्या, काय रुक्माक्का, नर्स बाई कवा निघणार?

केशरला रोज नवं दुखणं. पहिले दोन दिवस पोट, मग डोकं, मग अंगात कणकण. रुक्मानं कपाळाला हात लावून बघितला, कपाळ दगडासारखं गार. जेवण नेहमीसारखं दोन भाकरी. तिनं प्रेमानं विचारलं, मग नेहमीच्या जिभेनं विचारलं, मग मारुतीला पुढं घातलं. मारुती हा रुक्माचा थोरला, केशरचा बाप. बोलायला कमी आणि राबायला जास्त. त्यानं लेकीजवळ बसून दोन शब्द विचारले आणि उठून लावणीच्या चिखलात गेला. केशर पडवीच्या खांबाला टेकून ओढ्याकडं बघत बसायची. ओढा भरून तांबडा वाहत होता, त्याचा आवाज घरात चुलीपर्यंत यायचा. तो आवाज वाढला की पोरगी पाय पोटाशी घ्यायची. हे रुक्माच्या नजरेनं टिपलं होतं.

सून शांता म्हणाली की पोर कुठंतरी भ्याली असंल, देवाला कौल लावू या. कौल म्हणजे पाण्यात बुडवलेली फुलं देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंनी चिकटवायची आणि बघत बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नको. लग्न असो, बैल घेणं असो, वाडीतलं पानही त्या विचारण्याशिवाय हलत नव्हतं, आणि कौल कधी लावायचा ते बहुतेक वेळा रुक्माच ठरवायची.

रुक्मा म्हणाली, बरं आहे, उद्याच विठ्ठल पुजाऱ्याला बोलावते.

तेव्हा केशर पहिल्यांदा बोलली. "कशाला लावतीस? तुझा देव फुलावर बोलतो. माझं लिहून दिलंय."

आणि तिनं आपल्या ट्रंकेतून एक कागद काढला. लांबलचक, पातळ, दोन्ही कडांना बारीक भोकं असलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांची कानडी अक्षरं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मे महिन्यात रामनगरच्या बाजारात एक गाडी आली होती. तिच्यात कॉम्प्युटर, शेजारी भकभक करणारा जनरेटर. नाव, जन्मतारीख, वेळ आणि गाव सांगितलं की आतला माणूस टकटक करायचा आणि करकर आवाज करत भविष्याचा कागद बाहेर यायचा. दहावीची सगळी पोरं रांग लावून उभी होती. जी पोरं कौलाला हसायची, अंगात आलेल्या बाईसमोर तोंड दाबून खिदळायची, तीच पोरं. कागद देताना तो माणूस प्रत्येकाला बजावायचा की हा कुणाला दाखवू नका, दाखवलात तर वाईट ते तेवढं खरं होतं.

केशरनं कागद वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगितला. बुद्धी चांगली. मन चंचल. संसारसुख मध्यम. एकविसाव्या वर्षापर्यंत पाण्यापासून जिवाला धोका, वाहतं पाणी ओलांडू नये. हे वाचताना तिचा आवाज असा झाला होता की शांतानं पदर तोंडाला लावला. सतरा वर्षांची पोर, म्हणजे अजून चार वर्षं. चार वर्षं ती ह्या अकरा घरांतच राहणार होती, आणि तिनं ते मनाशी पक्कं केलं होतं. आता दाखवलाच आहे तर काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून ती रडायला लागली.

रुक्मा म्हणाली, कागदाला काय कळतंय.

"माणूस खोटं बोलंल, आज्जी. देवाचा पुजारी बी बोलंल. यंत्राला खोटं बोलून काय मिळतंय?"

रुक्माच्या जिभेपुढं भटजी गप्प बसले होते, फॉरेस्टचा गार्ड गप्प बसला होता. पण ही पोर शिकलेली होती, तिला शिकवायला रुक्मानंच पाठवलं होतं, आणि आता शिकलेल्या तोंडानं ती जे बोलत होती ते शाळेत न गेलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं खोडायचं? कॉम्प्युटर म्हणजे काय ते रुक्माला ठाऊक नव्हतं. वाहत्या पाण्याची भीती मात्र तिला ठाऊक होती. ह्याच ओढ्यात तिनं दोन माणसं आणि एक म्हैस गेलेली बघितली होती. कागद पूर्ण खोटा म्हणायलाही जीभ धजत नव्हती. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर?

दिवसभर ती कोंडल्यासारखी घरात फिरली. चुलीपाशी गेली तर सून, पडवीत आली तर ती पोर, अंगणात पाऊस. शुक्रवारी सकाळी डोक्यावर इरलं घेऊन ती गुणाच्या घरी गेली. लावणीला कुणाकडं कधी जायचं ते ठरवायचं होतं, आणि खरं तर घराबाहेर पडायचं होतं.

गुणाचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. तिचा परशू केशरच्याच वर्गातला, मोठा धिप्पाड पोरगा, मिसरूड फुटलेला. तो चुलीशेजारी भिंतीला पाठ लावून बसला होता. गुणानं लगेच गाऱ्हाणं सुरू केलं. लावणीचे दिवस आणि हा रेडा चिखलात पाय घालायला तयार नाही. म्हणतो पाठीत चमक भरली. शेतात पाणी दिसलं की बांधावरूनच मागं फिरतो. काल तर न्हाणीत जायलाही कुरकुर केली.

रुक्मानं परशूकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तीच मान, तेच पाय पोटाशी घेणं.

"कागद कुठं ठेवलास रं?" तिनं सरळ विचारलं.

परशू दचकला. आज्जीला कसं कळलं म्हणून त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. देवाच्या तसबिरीमागं प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद त्यानं आणून दिला, तोही रुक्माला नाही म्हणायची वाडीत कुणाची छाती नव्हती म्हणून.

रुक्मानं कागद उलगडला. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, कानडी नाही आणि मराठी नाही. पण ती चाळीस वर्षं वाकळा शिवत आली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून जाड वाकळ करायची, तिच्यावर धावदोऱ्याच्या टाक्यांच्या ओळी घालायच्या. कुठली ओळ कुठं आखूड पडली आणि कुठं धागा संपला, हे तिला अंधारात चाचपूनही कळायचं. केशरचा कागद तिनं काल नीट बघितला होता. पहिल्या ओळीनंतर मोकळी जागा. मग चार लांब ओळी. मग एक इतकी आखूड, जणू दोराच संपला. मग दोन लांब, आणि शेवटी एक अर्धी.

परशूच्या कागदावर चार लांब, एक आखूड, दोन लांब, एक अर्धी.

रुक्मानं दोन दिवसांसाठी कागद मागून घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला आणि लावणीचं काहीएक न ठरवता घरी आली.

घरी येऊन तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोटानं ओळीमागं ओळ चाचपली. तीच वळणं, त्याच जागी तोच ठिपका. फक्त सगळ्यात वरची ओळ वेगळी. ते नाव असणार. पोरीला हाक मारून सांगून टाकावं असं तिला वाटलं, आणि तोंडावर आलेली हाक तिनं गिळली. सांगितलेलं ही पोर ऐकणार नव्हती. अडाणी बाईला काय कळतंय, असंच मनात म्हणणार होती. तिनं दोन्ही कागदांची वरची ओळ आत दुमडली, वर धान्य मापायची एकेक पायली ठेवली, आणि मग केशरला बोलावलं.

"ह्यातला तुझा कुठला, सांग."

केशरनं दोन कागद बघितले आणि तिला राग आला. दुसरा कुणाचा, का आणलास, दाखवायचा नसतो. रुक्मा म्हणाली, आधी तुझा ओळख. केशर खाली बसली. एक कागद वाचला. दुसरा वाचला. परत पहिला वाचला. चंचल मन दोन्हीकडं, मध्यम संसारसुख दोन्हीकडं, एकविसावं वर्ष दोन्हीकडं. पायलीला हात लावायला गेली तर रुक्मानं मनगट धरलं.

"नाव न बघता सांग. तुझं नशीब हाय न्हवं त्यात, मग ओळखू यायला पायजे."

केशरला सांगता आलं नाही. ती कागदांकडं अशी बघत राहिली की जणू आरशात तोंड बघायला गेली आणि आत दुसऱ्याचंच तोंड दिसलं. मग रुक्मानं पायल्या उचलल्या. परशूचं नाव वाचून केशरच्या तोंडून एक छोटंसं हसू निघालं, पण ते तिथंच थांबलं. पोर हुशार होती, हार मानायला तयार नव्हती. ती म्हणाली, म्हणजे यंत्र बरोबरच आहे की. आमची दोघांची तारीख एकच, एक जून, सालही एकच. मग भविष्य एकच येणार. वर्गात आम्हा सगळ्यांचीच तारीख...

आणि ती बोलता बोलता थांबली.

"वर्गात कितीजणांची एक जून?" रुक्मानं विचारलं.

"एकवीस जण हाईत वर्गात," केशर सावकाश म्हणाली. "एकवीसच्या एकवीस."

पावसाचा जोर वाढला होता, कौलांवरून पाणी धो धो पडत होतं, पण ह्या वेळी पोरीनं पाय जवळ घेतले नाहीत. ती बोटं मोजत होती. परशू तिच्याहून मोठा, ती पाळण्यात असताना तो फणसाच्या झाडावर चढत होता हे गुणाकाकी दर दिवाळीला सांगते. मग दोघं एका दिवशी कसे जन्मले?

मग रुक्माला सांगावं लागलं. तिनंच पोरीला हाताला धरून खालच्या शाळेत नेलं होतं. मास्तरनं जन्मतारीख विचारली. तिनं सांगितलं, भात झोडायचे दिवस, मारुती मळणीचे बैल तसेच सोडून सुईणीला आणायला धावला होता. मास्तर हसला. असं लिहिता येत नाही म्हणाला. शाळा जूनला सुरू होते, एक जून घालतो, वय बसतं. त्यानं परशूला घातली, सगळ्यांना घातली. रुक्मा घालू दे म्हणाली, कारण तिला पोरीला शाळेत घालायचं होतं, तारखेचं तिला काय?

"तू तवा बोलली न्हाईस," केशर म्हणाली.

"तू कवा विचारलंस?"

केशर उठली, पडवीत गेली, परत आली. बाजारातलं तिला आता एकेक आठवायला लागलं. त्या माणसानं जन्मवेळ विचारली तेव्हा तिनं ठाऊक नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तोच म्हणाला होता, सकाळचे सहा घालू का? बरं, म्हणाली होती ती. तारीख मास्तरची. वेळ त्या माणसाची. कागदातलं तिचं स्वतःचं म्हणायचं तर एक नाव तेवढं, आणि नावानं काही बदललेलं दिसत नव्हतं. यंत्र खोटं बोललंच नव्हतं. त्याच्यात जे घातलं तेच त्यानं बाहेर काढलं होतं.

"आणि खरी तारीख घातली असती तर?" शांतानं भीत भीत विचारलं. तिला अजून ते यंत्र सोडवत नव्हतं.

केशरनं कागदावर बोट ठेवलं. "आये, पाण्यापासून धोका हे वाक्य त्याच्यात आधी कुणीतरी लिहून ठेवलं असणार न्हवं? त्या लिहिणाऱ्याला हा ओढा कुठं ठाऊक हाय?" मग म्हणाली, "म्हणूनच दाखवू नका म्हणाला. दोघांनी शेजारी ठेवले असते तर बाजारातच कळलं असतं."

रुक्माला वाटलं, आपण जिंकलो. छाती भरून आली. सोमवार आता अडत नव्हता. तिनं शांताला चहा ठेवायला सांगितलं. तेवढ्यात मारुती शेतातून आला, पडवीत पाय धुऊन उंबऱ्याशी टेकला. आणि केशरनं, अंगात नवा विस्तव शिरल्यासारखं, पुढचा प्रश्न विचारला.

"मग आज्जी, कौल?"

"त्याचं काय?"

"त्याच्यात कोण घालतं?"

रुक्मानं मारुतीकडं बघितलं नाही. तिला ठाऊक होतं पोरगी कुठं चालली आहे. तेरा वर्षांपूर्वी मारुतीला दांडेलीहून एका कारखान्यात कामाचं बोलावणं आलं होतं. पक्कं काम, राहायला खोली. त्यानं पिशवीसुद्धा भरली होती. जाऊ का नको म्हणून कौल लावला आणि डावं फूल पडलं. मारुतीनं पिशवीतले कपडे परत दांडीवर टाकले. त्यानंतर त्यानं कधी विषय काढला नाही. कधीमधी दांडेलीची लाकडाची लॉरी दिसली की तो ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभा राहायचा, तेवढंच.

केशर वाट बघत होती. आता लपवता येणार नव्हतं. देवाचं देव जाणे असं म्हणून रुक्माला सुटता आलं असतं, रागावूनही सुटता आलं असतं. पण हीच पोर मग मनात म्हणणार होती की आज्जी यंत्राची उलटतपासणी करते आणि आपलं झाकते. आणि ज्या विचारानं ती आत्ता साकवावर पाय टाकणार होती तो विचारच लंगडा झाला असता. सोमवारच्या आधी दोनच दिवस उरले होते. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला लेक, आणि मध्ये ती. इतकी वर्षं सगळ्यांना पेचात धरणारी रुक्मा पहिल्यांदाच पेचात सापडली होती.

"विठ्ठलच्या हातात फुलं मी दिली," ती शेवटी म्हणाली. "उजव्या अंगाला सकाळचं टवटवीत. डाव्याला आदल्या दिवसाचं. सुकलेलं फूल धरत न्हाई. ते आधी पडणारच."

शांताच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. केशर बापाकडं बघायला लागली. मारुती उंबऱ्यावर बसलेला होता, पायाला लागलेली जळू काढत होता. त्यानं ती काढली, चिमटीत धरून बघितली, बाहेर टाकली. मग उठून गोठ्यात गेला. जेवायला आला तेव्हा नेहमीसारखा जेवला. शनिवार गेला, रविवार गेला, तो आईशी एक शब्द बोलला नाही. रुक्माला त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दोन दिवसांत तिला घराच्या भिंती जवळ जवळ आल्यासारख्या वाटत होत्या.

रविवारी केशर परशूचा कागद द्यायला गुणाच्या घरी गेली आणि तिथं काय बोलली ते बोलली, दुपारी परशू गुडघाभर चिखलात उभा होता. गुणानं रुक्माला हाक मारून सांगितलं की पोराची पाठ एकदम बरी झाली, कुठलं औषध दिलंस गं.

सोमवारी पाऊस थोडा उघडला होता. मारुतीनं ट्रंक डोक्यावर घेतली. सगळे साकवापर्यंत आले. ओढा अजून फुगलेलाच होता, ओंडक्याखाली हातभरावर तांबडं पाणी फिरत होतं. केशर साकवाच्या तोंडाशी थांबली. कागद खोटा ठरला होता तरी भीती अंगातून इतक्या लवकर जात नाही.

मग पोरगी खाली बसली. चारही ओंडके तिनं एकेक करून हातानं दाबले, मूठ आपटून आवाज ऐकला. तिसऱ्यावर तिचा हात थांबला.

"ह्यो आतनं कुजलाय," ती बापाला म्हणाली. "ह्याच्यावर पाय नगं ठेवू." आणि कठडा धरून, तिसरा ओंडका सोडून, ती पलीकडं गेली. मागं वळून तिनं हात केला. तिथून तिचं तोंड लहान दिसत होतं.

मारुती तिच्यामागं निघाला. साकवावर पाय ठेवता ठेवता तो थांबला आणि पाठमोराच बोलला.

"आये, हिला सोडून मी परत येताना दांडेलीवरनं येतो. येतोच असं न्हाई. काम बघतो."

रुक्माच्या तोंडात दहा शब्द आले. लावणी अर्धी राहिली आहे, शांता एकटी काय काय करणार, आता ह्या वयात तुला कोण घेतंय. दहाही तिनं गिळले.

"बरं," ती म्हणाली.

दोघं करवंदीच्या जाळीआड दिसेनासे झाले. शांता डोळे पुसत घरी गेली. रुक्मा साकवाच्या अलीकडं दगडावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं गुणा डोक्यावर रोपांच्या पेंढ्या घेऊन तिथून चालली होती, ती थांबली आणि विचारलं, मारुती कवा येणार, आमच्याकडं उद्या लावणीला माणूस कमी हाय. कौल तरी लावलास का, जाऊ का नको म्हणून?

"न्हाई," रुक्मा म्हणाली. "विचारलं न्हाई कुणाला." आणि उठून ती तिसरा ओंडका कुठंवर कुजलाय ते दाबून बघायला लागली.